गेमला दाखवलेला खोटा पडदा

एकेकाळी गेम सुरू झाला की पडद्याचा ताबा त्याच्याकडेच जायचा. आयबीएमने १९८७ साली व्हीजीए हे पडद्यावर चित्र दाखवण्याचं मानक आणलं, त्यानंतरची कित्येक वर्षं डॉस या जुन्या प्रणालीवरचे गेम सरळ ३२० बाय २०० पिक्सेलचा मोड लावून मोकळे होत. जाडजूड सीआरटी मॉनिटरची त्याला हरकत नसे, कारण त्याला स्वतःचं असं ठरलेलं रिझोल्यूशनच, म्हणजे आडव्या-उभ्या पिक्सेलचं माप, नव्हतं. एलसीडी आले आणि ही सोय संपली. तिथे पिक्सेल मोजून बसवलेले. बाकी कुठलंही रिझोल्यूशन म्हणजे ताणलेलं, पुसट चित्र.

लिनक्सवर दुखणं आणखी वेगळं होतं. विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या वाइनचं काम १९९३ मध्ये सुरू झालं. त्यावर चालणारा गेम ६४० बाय ४८० मागायचा, पडदा बदलायचा आणि मधेच कोसळायचा. मग डेस्कटॉप तसाच फुगलेला, पॅनल अर्धं बाहेर, आयकॉन एकमेकांवर चढलेले. यावर वाइनच्या सेटिंगमधला आभासी डेस्कटॉप हा साधा पण हुशार तोडगा होता: ठरावीक मापाची एक खिडकी उघडायची आणि हाच अख्खा मॉनिटर आहे असं गेमला भासवायचं. अडचण एकच, ती खिडकी आहे त्याच मापाची राहायची. मोठ्या पडद्यावर तळहाताएवढा खेळ!

मोठं करायचं तर गणित आडवं येतं. १९२० बाय १०८० वर ४८० ओळी पूर्ण उंचीला ताणल्या, तर एका पिक्सेलचे सव्वादोन होतात. पाव पिक्सेल दाखवायचा कुठे? म्हणून एकतर कडा पुसट, नाहीतर काही ओळी जाड आणि काही बारीक. नेमकं दुप्पट केलं तर १२८० बाय ९६०; वर-खाली साठ-साठ ओळी काळ्या, पण चित्र लख्ख. मला तरी हेच आवडतं. ३२० बाय २०० ची गंमत अशी, की ४:३ मॉनिटरवर त्याचे पिक्सेल चौरस नसून उभट दिसायचे. आडवे पाचपट आणि उभे सहापट केले की १६०० बाय १२०० बरोबर जुळतं.

लिनक्सवर प्रोग्रामच्या खिडक्या पडद्यावर दाखवणाऱ्या, २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँड या नव्या पद्धतीने तर प्रोग्रामकडून मोड बदलण्याचा हक्कच काढून घेतला. आता जुन्या एक्स पद्धतीचे प्रोग्राम वेलँडवर चालवणारं एक्सवेलँड गेमला 'बदललं हो' म्हणतं आणि प्रत्यक्षात चित्र ताणून देतं. वाल्व या गेम कंपनीचा गेमस्कोप हा प्रोग्राम हेच उघडपणे करतो: आत गेमचं माप वेगळं, बाहेर पडद्याचं वेगळं. वाल्वच्याच २०२२ च्या स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या यंत्रावर, १२८० बाय ८०० च्या पडद्यामागे, तोच काम करतो. लहान चित्र मोठं करताना रेखीव ठेवणारं एएमडीचं एफएसआर हे तंत्र जून २०२१ मध्ये आलं. त्याच्या पहिल्या आवृत्तीला फक्त तयार चित्र लागतं, गेमच्या कोडला हात लावावा लागत नाही. म्हणून ते गेमस्कोपमध्ये सहज बसलं. त्रिमितीय गेमना ते शोभतं. जुन्या ठोकळेबाज चित्रांना मात्र ते लावू नये. त्यांच्यासाठी गेमस्कोपमध्येच पूर्णपटीत वाढवण्याची सोय आहे.