किंग्जली, बेन

(३१ डिसेंबर १९४३ – ). ब्रिटिश रंगभूमी व चित्रपट अभिनेते. जन्मनाव कृष्ण पंडित भानजी. रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटातील गांधीजींच्या भूमिकेमुळे ते जगभर पोहोचले. भारतात त्यांची ओळख आजही बहुधा त्या एका भूमिकेपुरतीच आहे. पण तो चित्रपट हाती आला तेव्हा त्यांच्या गाठीशी एका तपाहून अधिक काळ केलेली नाटके होती. पडद्यावर दिसलेला त्यांचा संयम, डोळ्यांचा वापर, हालचालींतली काटकसर हे सगळे नाटकात कमावलेले होते. त्या वर्षांबद्दल मराठीत फार कमी लिहिले गेले आहे, म्हणून या नोंदीत ती जरा सविस्तर घेतली आहेत.

त्यांचा जन्म इंग्लंडच्या यॉर्कशर भागातील स्नेंटन या खेड्यात झाला. वडील डॉक्टर होते. वडिलांचा जन्म केनियातला, घराणे मूळचे गुजराती खोजा. आजोबा मसाल्याचे व्यापारी, भारतातून झांझिबारला जाऊन स्थायिक झालेले. आई इंग्रज, तिनेही अभिनय आणि मॉडेलिंग केले होते. बालपण मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्ड परिसरातील पेंडलबरी येथे गेले, शिक्षण मँचेस्टर ग्रामर स्कूलमध्ये झाले. पुढे हौशी मंडळींबरोबर नाटके सुरू झाली. १९६४ साली शेक्सपिअरच्या जन्मगावी, स्ट्रॅटफर्डला, त्यांनी शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड द थर्ड’ नाटकातला इयन होम या नटाचा तिसरा रिचर्ड पाहिला. तो प्रयोग पाहताना आपल्याला भोवळ आली आणि नट व्हायचे ते तिथेच ठरले, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे.

नावाची हकिकत त्यांच्या कारकिर्दीला लागूनच आहे. कृष्ण भानजी या नावाने चाचणी द्यायला गेले की लोक बुचकळ्यात पडत आणि काम मिळत नसे. नाव बदलले आणि कामे मिळू लागली, हे त्यांनी स्वतःच स्पष्टपणे सांगितले आहे. ‘बेन’ हे वडिलांचे टोपणनाव. लवंगांच्या व्यापारामुळे आजोबांना ‘किंग क्लोव्ह’, म्हणजे लवंगांचा राजा, म्हणत. त्यावरून ‘किंग्जली’ आले. नाव इंग्रजी झाले तरी दोन्ही टोके घरातलीच राहिली. साठच्या दशकातल्या इंग्लंडमध्ये भारतीय वळणाचे नाव असलेल्या नटाला काय पर्याय होता, हे लक्षात घेतले की या बदलामागची अगतिकता कळते. सुरुवातीला त्यांनी ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या दीर्घकाळ चाललेल्या दूरचित्रवाणी मालिकेत छोटी भूमिका केली (१९६६–६७). गाणे आणि गिटार हातात असल्याने संगीताच्या धंद्यातूनही बोलावणे आले होते. ते नाकारून १९६७ मध्ये ते स्ट्रॅटफर्डच्या रॉयल शेक्सपिअर कंपनी या नाटकमंडळीत दाखल झाले.

या कंपनीत नट संचाचा भाग असतो. आज एका नाटकात भालदार, उद्या दुसऱ्यात राजा, दुपारी तिसऱ्याची तालीम. किंग्जलींची पहिली वर्षे अशीच छोट्या भूमिकांत गेली. १९७० साली पीटर ब्रुक यांनी बसवलेल्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये त्यांना डिमिट्रियस या तरुण प्रियकराची भूमिका मिळाली. नाटक बरेचसे रानात घडते. पण सॅली जेकब्ज यांच्या नेपथ्यात रान नव्हते की झाडे नव्हती. तीन बाजूंनी पांढऱ्या भिंती, वरून लोंबणारे झोके, काठ्यांवर फिरणाऱ्या थाळ्या आणि त्यात शेक्सपिअरची भाषा. विसाव्या शतकातील शेक्सपिअरच्या प्रयोगांचा विचार या प्रयोगाला वगळून करता येत नाही. हे नाटक १९७१ मध्ये ब्रॉडवेवर गेले आणि किंग्जली पहिल्यांदा अमेरिकेच्या रंगमंचावर उभे राहिले.

त्यांच्या घडणीतला सर्वांत महत्त्वाचा टप्पा मात्र १९७५ चा ‘हॅम्लेट’ हा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. स्ट्रॅटफर्डच्या मोठ्या नाट्यगृहापासून थोड्या अंतरावर पत्र्याची एक शेड होती. तिचे १९७४ मध्ये ‘द अदर प्लेस’ हे छोटे नाट्यगृह झाले. त्याची सूत्रे बझ गुडबॉडी या तरुण दिग्दर्शिकेकडे होती. तिथे जेमतेम दीडशेच्या आसपास माणसे बसत, आणि पुढच्या रांगेतल्या प्रेक्षकाने हात लांब केला तर तो नटाला लागावा इतके सगळे जवळ. गुडबॉडी यांनी तिथे आजच्या कपड्यांतला हॅम्लेट बसवला आणि मुख्य भूमिका किंग्जलींना दिली. हजार प्रेक्षकांपुढे स्वगत म्हणताना आवाज फेकावा लागतो, हात मोठे करावे लागतात. इथे ते करून चालणार नव्हते. समोरच्या माणसाकडे पाहून, त्याला विचारल्यासारखे, हलक्या आवाजात बोलावे लागे. पापणी लवली तरी ती सगळ्यांना दिसे. कॅमेरा नटाकडून जे मागतो तेच ही शेड मागत होती. प्रयोग सुरू होऊन काही दिवस होतात न होतात तोच, एप्रिल १९७५ मध्ये, गुडबॉडी यांनी आपले आयुष्य संपवले. नटसंचाने नाटक पुढे चालू ठेवले, आणि पुढच्या वर्षी ते लंडनला राउंडहाउसमध्येही झाले. इंग्लंडमध्ये छोट्या जागेत शेक्सपिअर करण्याची जी परंपरा पुढे रुजली, तिच्या मुळाशी ही शेड आहे.

त्यानंतर ‘ज्युलियस सीझर’मधला ब्रूटस, जर्मन नाटककार ब्रेख्तच्या ‘बाल’ या नाटकातली शीर्षक भूमिका अशी मोठी कामे आली. १९८० मध्ये डिकन्सच्या ‘निकोलस निकलबी’चे आठ तासांहून लांब, दोन भागांत होणारे नाट्यरूप कंपनीने रंगवले. त्यात किंग्जली स्क्विअर्स झाले: पोरांना उपाशी ठेवणारा, वेताने झोडपणारा, एका डोळ्याचा शाळामास्तर. ही भूमिका त्यांनी अर्ध्यावर सोडली ती ‘गांधी’च्या चित्रीकरणासाठी. उन्हाळ्यात मुलांचा कर्दनकाळ आणि नोव्हेंबरात महात्मा, हे एकाच देहाने केले.

ॲटनबरो यांनी या चित्रपटाचा ध्यास जवळजवळ वीस वर्षे बाळगला होता. गांधीजींच्या भूमिकेसाठी या काळात अनेक नामवंत ब्रिटिश नटांची नावे येऊन गेली. जॉन हर्ट यांची, तसेच नसीरुद्दीन शाह यांचीही चाचणी झाली. किंग्जलींचे नाव ॲटनबरो यांना सुचवले ते त्यांच्या मुलाने, दिग्दर्शक मायकल ॲटनबरो यांनी. परदेशी दिग्दर्शक, परदेशी नट आणि राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा पैसा, यावरून भारतात वादही झाला. तो वाद अनाठायी नव्हता. ज्याचा आवाज आणि चाल अजून लोकांच्या आठवणीत आहे, अशा माणसाची भूमिका कोणी करावी हा प्रश्न लोकांनी विचारायचाच असतो. किंग्जलींनी उत्तर दिले ते मेहनतीने. वजन उतरवले, योगासने केली, गांधीजींच्या जुन्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहिल्या, आणि कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडी यांच्यासह सूत कातायला शिकले.

चित्रपटात दक्षिण आफ्रिकेतले एक दृश्य आहे. भारतीयांवर सक्तीचे केलेले परवाने जाळायचे ठरले आहे. सूटबूट घातलेला तरुण वकील पेटत्या भांड्यात परवाने टाकतो, पोलीस दंडुक्याने मारतो. तो पडतो. कॅमेरा हातावर जातो. मार खाल्लेला, थरथरता हात आणखी एक परवाना उचलतो आणि आगीत टाकतो. पुन्हा फटका बसतो, पुन्हा हात पुढे येतो. नजरेत राग नाही की शौर्याचा आव नाही. हाती घेतलेले काम उरकायचे आहे, एवढेच आहे. इथे संवाद नाही, आणि तरीही पुढच्या तीन तासांतला माणूस याच दृश्यात कळून जातो. तेवीस वर्षांच्या बॅरिस्टरपासून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंतचा प्रवास किंग्जलींनी रंगभूषेवर सोडून दिलेला नाही. खांदे कधी झुकतात, पावले कधी झपझप पडतात, हसू कधी मिस्कील होते, हे सारे त्यांनी पायरीपायरीने बांधले आहे.

या चित्रपटाशी महाराष्ट्राचे नाते जवळचे आहे. पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी यांना कस्तुरबांच्या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचे ‘बाफ्टा’ हे ब्रिटिश चित्रपट पारितोषिक मिळाले. डॉ. श्रीराम लागू यांनी गोपाळ कृष्ण गोखले उभे केले. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना जॉन मोलो यांच्याबरोबर वेशभूषेचे ऑस्कर मिळाले; ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. सूट, काठियावाडी पागोटे, पंचा असा गांधीजींच्या कपड्यांचा प्रवास त्यांनीच किंग्जलींच्या अंगावर चढवला. गांधीजी आणि कस्तुरबा जिथे कैदेत होते त्या पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्येही चित्रीकरण झाले. अंत्ययात्रेचे दृश्य दिल्लीत ३१ जानेवारी १९८१ रोजी, प्रत्यक्ष अंत्ययात्रेच्या तेहेतिसाव्या स्मृतिदिनी, सुमारे तीन लाख लोकांच्या गर्दीत टिपले गेले. हिंदी आवृत्तीत किंग्जलींना आवाज दिला पंकज कपूर यांनी. दोन ऑक्टोबरला दूरदर्शनसमोर बसून हा चित्रपट पाहिलेल्या आपल्या पिढीच्या मनात म्हणूनच चेहरा किंग्जलींचा आणि आवाज पंकज कपूर यांचा असे एक वेगळेच गांधीजी आहेत.

‘गांधी’ला ११ नामांकनांतून ८ ऑस्कर मिळाली. सर्वोत्कृष्ट अभिनेत्यासाठी डस्टिन हॉफमन, जॅक लेमन, पॉल न्यूमन आणि पीटर ओ’टूल हे रिंगणात असताना पारितोषिक किंग्जलींना गेले. ‘बाफ्टा’ने त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याबरोबर सर्वांत आश्वासक नवोदिताचेही पारितोषिक दिले. चित्रपटापुरते ते नवोदितच होते. त्याआधीचे त्यांचे चित्रपटातले काम १९७२ च्या ‘फिअर इज द की’मधल्या एका छोट्या भूमिकेपुरते होते. १९८४ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. ‘द वर्ड्स ऑफ गांधी’ या ध्वनिमुद्रिकेसाठी त्यांना ग्रॅमीही मिळाले.

या यशानंतर ते लगेच नाटकाकडे परतले, याचे मोल फार आहे. १९८३ मध्ये एकोणिसाव्या शतकातील नट एडमंड कीन याच्या जीवनावरील एकपात्री प्रयोग त्यांनी लंडनमध्ये आणि ब्रॉडवेवर केला. १९८५ मध्ये स्ट्रॅटफर्डला ते ऑथेल्लो झाले, समोर कपटी इयागो म्हणून डेव्हिड सुशे. १९९७ मध्ये लंडनच्या ओल्ड व्हिकमध्ये पीटर हॉल यांनी बसवलेल्या सॅम्युएल बेकेट यांच्या ‘वेटिंग फॉर गोदो’त ते एस्ट्रॅगन होते आणि व्लादिमिर होते ॲलन हॉवर्ड, म्हणजे ब्रुक यांच्या ‘ड्रीम’मधले पऱ्यांचा राजा ओबेरॉन. सत्तावीस वर्षांपूर्वीचे सोबती रस्त्याच्या कडेला गोदोची वाट पाहत बसले. यानंतर मात्र त्यांचे आयुष्य मुख्यतः कॅमेऱ्यासमोर गेले.

चित्रपटांतल्या कामांची यादी लांब आहे; सगळी सारख्या तोलाची नाहीत. हॅरॉल्ड पिंटर यांच्या पटकथेवरचा ‘बिट्रेयल’ (१९८३), मेयर लॅन्स्की या गुन्हेगाराची थंड डोक्याची भूमिका असलेला ‘बग्झी’ (१९९१, सहायक अभिनेत्याचे नामांकन) हे उल्लेखनीय. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘शिंडलर्स लिस्ट’मध्ये (१९९३) ते इत्झाक स्टर्न हा ज्यू हिशेबनीस झाले. शिंडलर हा ज्यूंना आपल्या कारखान्यात कामाला ठेवणारा जर्मन उद्योजक त्याला पुन्हा पुन्हा पेला भरून देतो आणि स्टर्न तो घेत नाही. ज्याच्या हाती आपला जीव आहे त्याच्याबरोबर पिणे त्याला जमत नाही. छावणी हलणार, सगळे संपणार असे दिसते तेव्हा, आता घेतलेले बरे, असे म्हणून तो पेला उचलतो. किंग्जली हे वाक्य जवळजवळ सपाट म्हणतात. पाणी डोळ्यांत आधी येते, शब्द मागून येतात. पत्र्याच्या शेडमधला हॅम्लेट ज्यांना ऐकून माहीत आहे, त्यांना हा आवाज कुठून आला ते सांगावे लागत नाही. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या या छळपर्वाशी ते पुन्हा पुन्हा जोडले गेले: १९८९ मध्ये नाझींचा माग काढणारे सायमन वीझेंथाल, २००१ मध्ये ॲन फ्रँकचे वडील ओटो फ्रँक.

गांधीजींच्या प्रतिमेतून त्यांना खऱ्या अर्थाने मोकळे केले ‘सेक्सी बीस्ट’ने (२०००). त्यात ते डॉन लोगन आहेत. स्पेनमध्ये निवांत राहणाऱ्या जुन्या साथीदाराला लंडनच्या दरोड्यात ओढायला आलेला गुंड. डॉन खोलीत आला की बाकीची माणसे श्वास रोखून बसतात. साथीदार नकार देतो आणि डॉन तोच प्रश्न हातोडीसारखा मारत राहतो. दाढी करताना आरशातल्या स्वतःशीच भांडतो. अंगाची ठेवण तीच, ताठ पाठ आणि स्थिर मान. गांधीजींमध्ये ती शांततेची खूण होती, इथे तिची भीती वाटते. या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. चौथे नामांकन ‘हाऊस ऑफ सँड अँड फॉग’मधल्या (२००३) देशोधडीला लागलेल्या इराणी कर्नलसाठी. २००२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब देण्यात आला.

‘ब्लडरेन’ (२००५) आणि ‘द लव्ह गुरू’ (२००८) यांसारखे चित्रपट त्यांच्या नावावर नसते तर बरे झाले असते. ‘लव्ह गुरू’मध्ये भारतीय साधूची जी थट्टा आहे ती तर ‘गांधी’ पाहिलेल्या भारतीय प्रेक्षकाला लागतेच. आपल्याकडच्या ‘तीन पत्ती’त (२०१०) ते अमिताभ बच्चन यांच्यासमोर होते, पण दोघांना पेलेल असे त्या पटकथेत काही नव्हते. याउलट मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या ‘ह्यूगो’त (२०११) विस्मरणात गेलेले चित्रपटकार जॉर्ज मेलिएस त्यांनी फार मायेने साकारले. ‘आयर्न मॅन ३’मध्ये (२०१३) ज्याला सगळे दहशतवादी समजतात तो प्रत्यक्षात निघतो ट्रेव्हर स्लॅटरी, पोटासाठी सोंग घेतलेला इंग्लिश नट. कीन, मेलिएस, स्लॅटरी: रंगमंचावरच्या माणसाची भूमिका आली की किंग्जली खुलतात.

२०२३ मध्ये वेस अँडरसन यांच्या ‘द वंडरफुल स्टोरी ऑफ हेन्री शुगर’ या ३९ मिनिटांच्या लघुपटात ते पुन्हा एका भारतीय माणसाच्या भूमिकेत दिसले. सोबत होते ‘शिंडलर्स लिस्ट’मधले त्यांचे सहकलाकार रेफ फाइन्स. या लघुपटात नेपथ्याचे रंगवलेले पडदे प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत सरकवले जातात आणि नट थेट कॅमेऱ्याकडे पाहून गोष्ट सांगतात. किंग्जली आहेत इमदाद खान, डोळे बांधूनही पाहू शकणारा सर्कशीतला कलावंत.