युरोपीय संघाचे सदस्यत्व: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा लांबचा प्रवास

२८ फेब्रुवारी २०२२. रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसल्याला पाचवा दिवस होता आणि अध्यक्ष झेलेन्स्की युरोपीय संघाच्या सदस्यत्वाच्या अर्जावर सही करत होते. हा अर्ज म्हणजे प्रत्यक्षात एक पत्र असते. ते संघाच्या परिषदेच्या, म्हणजे सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या मंडळाच्या नावे जाते, त्याला शुल्क नाही की अंतिम मुदत नाही. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते, आणि देश बदलतो तो याच परीक्षेच्या काळात.

पात्रता

संघाच्या मूळ कराराच्या ४९व्या कलमानुसार अर्जदार ‘युरोपीय राज्य’ असावा लागतो आणि लोकशाही, कायद्याचे राज्य, मानवी हक्क ही दुसऱ्या कलमातली मूल्ये त्याने पाळलेली असावी लागतात. मोरोक्कोने १९८७ मध्ये अर्ज केला होता. देश युरोपात नाही म्हणून तो नाकारला गेला.

सविस्तर निकष जून १९९३ मध्ये कोपनहेगनच्या शिखर बैठकीत ठरले: लोकशाही संस्था स्थिर असाव्यात, बाजारावर चालणारी अर्थव्यवस्था असावी आणि संघाचे सगळे कायदे लागू करण्याची ताकद असावी. यात एक महत्त्वाचा भेद आहे. अर्थव्यवस्था आणि कायद्यांची तयारी सदस्य होईपर्यंत पूर्ण केली तरी चालते. लोकशाहीची अट मात्र वाटाघाटी सुरू होण्याआधीच पुरी व्हावी लागते.

स्लोव्हाकियाला हे चांगलेच भोवले. १९९७ मध्ये शेजारच्या चेक प्रजासत्ताक, पोलंड आणि हंगेरीला वाटाघाटींचे बोलावणे आले. पंतप्रधान मेचियार यांच्या सरकारच्या कारभारामुळे स्लोव्हाकिया राजकीय निकषावर अडला. १९९८ च्या निवडणुकीनंतर सरकार बदलले, डिसेंबर १९९९ मध्ये बोलावणे आले आणि १ मे २००४ रोजी स्लोव्हाकिया त्याच शेजाऱ्यांबरोबर संघात दाखल झाला. मतदान तिथल्या लोकांनी केले, श्रेय त्यांचेच. पण दार बंद का आहे आणि ते कशाने उघडेल, हे त्यांना स्पष्ट दिसत होते.

कागदपत्रे

सर्वात मोठा कागद म्हणजे संघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाची प्रश्नावली. क्रोएशियाला ४,५६० प्रश्न आले होते. मॅसेडोनियाला ४,६६६ आले, आणि उत्तरांची पाने सुमारे १४,००० भरली. न्यायाधीश कोण नेमतो, त्याला पदावरून कोण काढू शकतो, इथपासून अन्नाच्या तपासणीपर्यंत सगळे त्यात येते. नुसता कायदा दाखवून भागत नाही, त्याची अंमलबजावणी करणारी यंत्रणाही दाखवावी लागते. युक्रेनने भर युद्धात, एप्रिल २०२२ मध्ये मिळालेल्या प्रश्नावलीची उत्तरे मे महिन्यात पूर्ण केली आणि २३ जूनला त्याला उमेदवाराचा दर्जा मिळाला.

पुढचे टप्पे

उत्तरे तपासून आयोग आपले मत देतो. मग उमेदवाराचा दर्जा देणे, वाटाघाटी सुरू करणे, प्रकरणे (संघाच्या कायद्यांचे विषयवार भाग) उघडणे आणि बंद करणे, या प्रत्येक पायरीवर सगळ्या सदस्य देशांचे एकमत लागते. प्रकरणे एकूण ३५ आहेत. २०२० पासून त्यांचे सहा गट केले आहेत आणि न्यायव्यवस्था व मूलभूत हक्कांचा गट सर्वात आधी उघडून सर्वात शेवटी बंद करायचा, असा नियम आहे. ‘वाटाघाटी’ या शब्दाने फसू नका. नियम बदलून मिळत नाहीत. ते कधी आणि कसे लागू करायचे, एवढ्यावरच बोलणे होते.

दबावाची जागा इथे असते. क्रोएशियाच्या वाटाघाटी मार्च २००५ मध्ये सुरू व्हायच्या ठरल्या होत्या. युद्धगुन्ह्यांचा आरोप असलेले, फरारी क्रोएशियन जनरल गोतोविना यांच्या बाबतीत युद्धगुन्हे न्यायाधिकरणाशी पुरेसे सहकार्य होत नाही, म्हणून त्या पुढे ढकलल्या. सहकार्याची ग्वाही मिळाल्यावर ऑक्टोबरमध्ये त्या सुरू झाल्या आणि डिसेंबरमध्ये गोतोविना टेनेरीफ बेटावर पकडले गेले. २०१२ मध्ये ते अपिलात निर्दोष सुटले. देश १ जुलै २०१३ रोजी सदस्य झाला. तुर्कस्ताननेही उमेदवार झाल्यावर फाशीची शिक्षा रद्द केली. पण सदस्यत्वाची आशा मावळली तसा सुधारणांचा वेगही गेला.

वाटेत पैसाही मिळतो. पश्चिम बाल्कनमधल्या देशांसाठी २०२४ ते २०२७ या काळात ६ अब्ज युरोची योजना आहे. सुधारणा झाली तरच हप्ता सुटतो.

शेवटी युरोपीय संसदेची संमती, प्रवेशाचा करार आणि प्रत्येक सदस्य देशाची मंजुरी. नॉर्वेने १९९४ मध्ये करारावर सहीही केली आणि स्वतःच्याच सार्वमतात नकार दिला.

अर्ज रखडतो तेव्हा

मॅसेडोनियाचा अर्ज २००४ चा. ग्रीसच्या हरकतीमुळे त्याने २०१९ मध्ये स्वतःचे नावच बदलून ‘उत्तर मॅसेडोनिया’ केले. त्याच वर्षी फ्रान्सने वाटाघाटी अडवल्या, २०२० मध्ये बल्गेरियाने. त्या सुरू व्हायला जुलै २०२२ उजाडले. मला हा सरळ अन्याय वाटतो. राज्यघटनेत हात घालून नाव बदलणाऱ्या नेत्यांनी आपल्या मतदारांना तोंड कसे दाखवायचे? एका देशाचा नकाराधिकार इतरांच्या शब्दाची किंमत घालवतो, आणि पुढची कठीण सुधारणा करायला मग कोणी धजावत नाही.

सदस्य झाल्यावर

इथे पकड ढिली होते. सदस्याला काढून टाकण्याची तरतूदच नाही. सातव्या कलमाखाली मताधिकार गोठवता येतो. पण गंभीर उल्लंघन झाल्याचे इतर सर्व देशांनी एकमताने मान्य करावे लागते. हंगेरीविरुद्ध ही कारवाई २०१८ मध्ये सुरू झाली. परिणाम दिसला तो पैशाच्या बाबतीत: डिसेंबर २०२२ मध्ये परिषदेने हंगेरीचे सुमारे ६.३ अब्ज युरो रोखले.