नैराश्याची पूर्वलक्षणे

नैराश्य (अवसाद, विषाद) हा विकार पूर्ण स्वरूपात प्रकट होण्याआधी काही आठवडे, क्वचित काही महिने, व्यक्तीच्या झोपेत, भुकेत, कामाच्या गतीत आणि माणसांशी असलेल्या वागण्यात जे बदल दिसू लागतात, त्यांना पूर्वलक्षणे म्हणतात. ती वेळीच ओळखली तर विकार सौम्य असतानाच उपचार सुरू करता येतात. प्रस्तुत नोंदीत पूर्वलक्षणांचे स्वरूप, त्यांविषयीचे मतभेद व मदत घेण्याचे मार्ग यांचा विचार केला आहे.

इतिहास : चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय 20) 80 वातविकारांच्या यादीत विषाद, अस्वप्न (झोप न येणे) व अनवस्थितचित्तत्व (चित्त स्थिर नसणे) ही नावे जवळजवळ येतात. त्याच स्थानाच्या 25 व्या अध्यायात रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषाद हा अग्रगण्य सांगितला आहे. या संहितेचा काळ सामान्यतः इ. स. पू. दुसरे शतक ते इ. स. दुसरे शतक यांदरम्यान धरतात. मात्र आजचा पाठ दृढबल या नंतरच्या वैद्याने केलेल्या संस्करणानंतरचा असल्याने एखाद्या वचनाचा नेमका काळ सांगणे अवघड आहे. चरकोक्त विषाद म्हणजेच आजचे नैराश्य, असे समीकरण काही अभ्यासक मांडतात. दोहोंत अंशतः साम्य आहे, एवढेच म्हणणे अधिक सुरक्षित होय. ग्रीक परंपरेत हिपॉक्राटीझ या प्राचीन वैद्याच्या नावावर असलेल्या सूत्रांत भीती व खिन्नता दीर्घकाळ टिकल्यास तो ‘मेलँकोलिया’ समजावा, असे म्हटले आहे. कालावधीचा हा निकष आजही टिकून आहे. आधुनिक वर्गीकरणांत लक्षणे किमान दोन आठवडे, बहुतेक दिवस व दिवसाचा बहुतेक वेळ असावी लागतात.

स्वरूपाविषयीचे मतभेद : पूर्वलक्षणे ही विकाराची पहिली पायरी, की विकाराचेच सौम्य रूप, याबाबत एकमत नाही. मनोविकारतज्ज्ञ डेट्रे व जारेकी यांनी 1971 मध्ये असे मांडले की, विकार उतरताना लक्षणे ज्या क्रमाने आली त्याच्या उलट क्रमाने मागे सरतात. म्हणजे सर्वांत आधी आलेले लक्षण सर्वांत शेवटी जाते. फावा व केल्नर यांनी 1991 मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला. या परंपरेतील अभ्यासांनुसार खिन्नता दिसण्याआधीच अनेकांत चिंता व चिडचिड सुरू झालेली असते. घरच्यांना ‘हल्ली फार तापट झालाय’ एवढेच जाणवते. त्यामागे नैराश्य असू शकेल, अशी शंका कोणाला येत नाही.

या संशोधनाची एक मर्यादा आहे. बरीचशी माहिती रुग्णांना नंतर आठवेल तशी गोळा केलेली आहे आणि खिन्न मन भूतकाळही खिन्नच आठवते. 1990 नंतर अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ लुईस जड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी बाजू मांडली : निकषांपेक्षा कमी लक्षणे असलेली अवस्था आणि पूर्ण विकार ही एकाच सलग पट्टीवरची स्थाने आहेत. व्यवहारात हा दुसरा विचार अधिक उपयोगी पडतो, कारण त्यात ‘अजून आजार झालेला नाही’ म्हणून थांबून राहण्यास वाव उरत नाही. मात्र दुखणे पुन्हा उलटण्याच्या बाबतीत पहिला, म्हणजे लक्षणांच्या क्रमाचा, विचार मोलाचा ठरतो. एकाच व्यक्तीत प्रत्येक वेळी सुरुवातीची लक्षणे पुष्कळदा सारखीच असतात. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे ही एखाद्याची पहिली खूण असेल, तर ती त्याच्या घरच्यांनाही ठाऊक असलेली बरी.

दुसरा वाद शारीरिक तक्रारींचा आहे. आशियाई समाजांत नैराश्य मनात न जाणवता शरीरातूनच व्यक्त होते, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते. त्याला आधार म्हणून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ क्लाइनमन यांनी चीनमधील हूनान प्रांतात केलेले काम दाखवले जाई. 1999 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या 14 देशांतील पाहणीवर आधारित निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत बंगळूरचाही समावेश होता. नैराश्याचे निकष पूर्ण करणाऱ्या 1,146 रुग्णांपैकी 69 टक्के केवळ शारीरिक तक्रार घेऊन दवाखान्यात आले होते. परंतु सरळ विचारल्यावर मानसिक लक्षणे नाकारणारे फक्त 11 टक्के निघाले. याचा अर्थ, त्रास मनात जाणवत असतो. तो न विचारता सांगितला जात नाही. गोव्यातील अभ्यासांतही हेच चित्र दिसते. तेथील स्त्रिया अंगदुखी, थकवा, झोप न लागणे, अंगावरून पांढरे जाणे अशा तक्रारी घेऊन येत आणि चौकशी केल्यावर घरातल्या ‘टेन्शन’विषयी बोलत. ज्या दवाखान्यात रक्त तपासून टॉनिक देऊन पाठवतात आणि मन कसे आहे हा एक प्रश्न विचारत नाहीत, तेथे निदान निसटते.

ओळख : ‘करमत नाही’, ‘कशातच मन लागत नाही’, ‘अंगात त्राण नाही’ ही वाक्ये दोन आठवड्यांहून अधिक काळ पुन्हा पुन्हा कानी येऊ लागली की लक्ष द्यावे. आवडीच्या गोष्टीतला रस जाणे ही खूण खिन्नतेइतकीच महत्त्वाची आहे. रोज संध्याकाळी कट्ट्यावर जाणारा माणूस जायचा बंद होतो, फोन उचलत नाही, पेपर उघडतो पण दोन ओळींपुढे जात नाही. वृद्धांमध्ये विसराळूपणा व किशोरांमध्ये चिडचिड पुढे येते. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस येणारे रडू बहुधा आपोआप थांबते. दोन आठवड्यांनंतरही ते टिकल्यास तपासणी हवी. आप्ताच्या मृत्यूनंतरचे दुःख हा आजार नव्हे, पण दुःखासोबत नैराश्यही येऊ शकते. मनोविकारांच्या 2013 च्या अमेरिकन वर्गीकरणात शोकाच्या काळात नैराश्याचे निदान न करण्याची जुनी सूट काढून टाकली, ती यासाठीच. हा बदल अजूनही वादग्रस्त आहे.

चाळणीसाठी नऊ प्रश्नांची ‘पीएचक्यू-9’ प्रश्नावली सर्वत्र वापरतात. गुण 0 ते 27; 10 किंवा अधिक आल्यास पुढील तपासणी करतात. केवळ गुणांवरून निदान होत नाही. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, मद्यपान व काही औषधे यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात. पूर्वी कधी अतिउत्साहाचा, झोपेविना धावपळीचा काळ येऊन गेला आहे का, हेही विचारणे आवश्यक असते; अतिउत्साह व नैराश्य यांचे काळ येणाऱ्या द्विध्रुवी विकारात उपचार वेगळे असतात.

मदत : राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (2015-16) नैराश्य असलेल्या भारतीयांपैकी सुमारे 85 टक्के उपचारांविना होते. ही दरी केवळ मनोविकारतज्ज्ञांच्या बळावर भरून निघणारी नाही, हे ओळखून महाराष्ट्र व गोव्यात महत्त्वाचे प्रयोग झाले. गोव्यातील ‘संगथ’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांकरवी सहा ते आठ भेटींची उपचारपद्धती राबवली. बंद पडलेली लहान लहान कामे ठरवून पुन्हा सुरू करणे हा तिचा गाभा. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती परिणामकारक ठरली. त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातील 30 गावांतील ‘विश्राम’ उपक्रमाचे निष्कर्ष आले : नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण आधी 4.3 टक्के होते, ते नंतर 27.2 टक्के आढळले. गावातलेच कार्यकर्ते दारात येऊन बोलले, याचे श्रेय मोठे आहे.

पहिली भेट नेहमीच्या डॉक्टरांकडे असली तरी चालते. सोबत कोणी असल्यास ‘झोप किती, खाणे किती, कधीपासून’ हे नेमके सांगता येते. नैराश्यविरोधी औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटल्यावरही ती सहसा सहा ते नऊ महिने चालू ठेवतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णांकडे सुरुवातीच्या आठवड्यांत बारकाईने लक्ष ठेवावे लागते.

आपल्यावाचून घरच्यांचे बरे चालेल, असे बोलणे हलके घेऊ नये. जीव नकोसा झाला आहे का, असे स्पष्ट विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. होकार आल्यास व्यक्तीला एकटे सोडू नये व त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 च्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते व तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तिचा 14416 हा क्रमांक विनामूल्य असून तो चोवीस तास चालू असतो व त्यावर मराठीतही बोलता येते.