किराळ आणि अरगट : ज्वारीतलं विष नेमकं कुणाचं?

पेर झाली, दोन-चार पाऊस पडले आणि मग आभाळ रुसलं, की ज्वारी गुडघ्याएवढी होऊन तिथंच अडते. पानं सुरळीसारखी गुंडाळतात. अशा वेळी बांधावरची एखादी गाय दावं तोडून आत शिरली आणि घटकाभर मनसोक्त खाऊन आली, तर घरात धावपळ उडते. गाईला धाप लागते, पाय लटपटतात, तोंडाला फेस येतो आणि बघता बघता ती आडवी होते. म्हातारी माणसं एका शब्दात निदान सांगतात : किराळ लागली.

दुसऱ्या वेळी हीच ज्वारी कणसात दाणे भरून उभी असते आणि परतीचा पाऊस तिला गाठतो. दाण्यावर काळपट-गुलाबी बुरशी चढते. अशा ज्वारीची भाकरी खाऊन घरातल्या चौघांचं पोट बिघडलं, तरी बोलणं तेच : ज्वारी बाधली.

दोन्ही वेळा नाव ज्वारीचं खराब होतं. पहिल्या वेळी ते खरं असतं, कारण ते विष ज्वारी स्वतः बनवते. दुसऱ्या वेळी ज्वारी बिचारी स्वतःच आजारी असते आणि विष बुरशीचं असतं. हा फरक न केल्यामुळे एकाचा उपाय दुसऱ्यावर केला जातो. काळी पडलेली ज्वारी चार उन्हं दाखवली की ‘विष गेलं’ म्हणून दळायला नेतात, आणि वाळलेल्या कडब्याला मात्र किराळ लागेल म्हणून घाबरतात.

आधी ज्वारीचं स्वतःचं विष. त्या द्रव्याचं नाव धुरिन. ज्वारीला अरबीत ‘धुरा’ म्हणतात, त्यावरून ते पडलं. 1902 मध्ये डन्स्टन आणि हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी ते कोवळ्या ज्वारीतून वेगळं काढलं. गंमत अशी, की धुरिन नुसतं असताना काही करत नाही. पानाच्या एका प्रकारच्या पेशींत ते साठवलेलं असतं आणि ते फोडणारं विकर दुसऱ्या पेशींत. गंधक आणि सोरा वेगवेगळ्या कोनाड्यांत ठेवावेत तसं. किडीनं पान कुरतडलं किंवा गाईनं चावलं की पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतं. सायनाइड रक्तातला ऑक्सिजन पेशींना वापरूच देत नाही. म्हणून रक्त लालभडक असतं आणि तरी जनावर गुदमरतं. दर किलो वजनामागे साधारण 2 मिलिग्रॅम एवढं पुरतं, म्हणजे तीनशे किलोच्या गाईला एक ग्रॅमसुद्धा लागत नाही. गाई-म्हशींच्या पोटातले जिवाणूही धुरिन फोडायला हातभार लावतात, त्यामुळे रवंथ करणाऱ्या जनावरांना धोका जास्त.

हे विष ज्वारीनं माणसाला किंवा गाईला मारायला बनवलेलं नाही, कोवळेपणी स्वतःला वाचवायला बनवलंय. म्हणूनच ते उगवत्या पोंग्यात सर्वांत जास्त असतं आणि पीक वाढेल तसं कमी होत जातं. पाण्याचा ताण पडला, युरिया जास्त झाला किंवा कापणीनंतर खोडव्याला नवे फुटवे आले की ते पुन्हा वाढतं. फुलोऱ्याआधी बाटूक, म्हणजे कोवळी हिरवी ज्वारी, कापून जनावरांपुढे टाकू नये, हे शहाणपण यातूनच आलंय. पक्व दाण्यात मात्र धुरिन जवळपास नसतंच, त्यामुळे ज्वारीची भाकरी याबाबतीत निर्धास्त खावी. फक्त मोड आलेली ज्वारी कच्ची खायचा नवा आरोग्यमंत्र कुणी दिला, तर हसून सोडून द्या. मोड म्हणजे पुन्हा कोवळं रोप, आणि कोवळ्या रोपात धुरिन आलंच.

सायनाइड 26 अंशांच्या आसपासच उकळतं. चारा तोडून नीट वाळवला की त्यातलं बरंचसं उडून जातं. कडबा वर्षभर खाऊनही बैल ठणठणीत असतात, ते यामुळे. किराळ लागलीच तर गूळपाणी पाजायची रीत आहे, पण त्यावर विसंबून बसू नये. जनावरांच्या डॉक्टरांकडे सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन असतं आणि ते वेळेत मिळालं तर आडवं पडलेलं जनावर उठून उभं राहतं. (जुन्या फोटो स्टुडिओत ‘हायपो’ म्हणून वापरायचे ते हेच रसायन.)

बुरशीच्या विषाचा कारभार निराळा. अरगट घ्या. बाजरी फुलोऱ्यात असताना हवा दमट आणि ढगाळ राहिली, की क्लॅव्हिसेप्स नावाची बुरशी फुलात शिरते आणि दाण्याची जागा बळकावते. आधी कणसातून मधासारखे गोड, गुलाबीसर थेंब गळतात. ज्वारीवर अशाच रोगाला चिकटा किंवा साखऱ्या म्हणतात. इथंही एक घोटाळा होतो, कारण मावा नावाच्या किडीनं पानांवर सोडलेल्या चिकट द्रवालाही चिकटाच म्हणतात. पानं चिकट झाली असतील तर मावा शोधावा, कणसातून थेंब ओघळत असतील तर बुरशी. पुढे त्या थेंबांच्या जागी दाण्याऐवजी काळपट, कडक गाठी तयार होतात आणि विष त्या गाठींत असतं.

युरोपात राय धान्यावरच्या अरगटानं मध्ययुगात माणसांची बोटं आणि पाय झडले. आपल्याकडच्या बाजरीवरची बुरशी वेगळ्या जातीची आहे, तिची द्रव्यंही वेगळी. 1975 मध्ये राजस्थानात अशी बाजरी खाऊन लोक आजारी पडले तेव्हा उलट्या, चक्कर आणि गुंगी अशी लक्षणं होती, हातपाय सडले नव्हते. राय धान्यावरच्या अरगटातूनच बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारं एर्गोमेट्रिन मिळालं, हेही बुरशीच्या खात्यावर जमा धरायला हवं.

पावसात काळी पडलेल्या ज्वारीत फ्युझारियम बुरशी फ्युमोनिसिन नावाचं विष सोडते. 1995 मध्ये दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत अवकाळी पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले, तेव्हा धान्यात तेच सापडलं. खरिपाची ज्वारी काळी पडते आणि रब्बीची मालदांडी शुभ्र राहते, त्यातलं बरंचसं श्रेय कोरड्या हवेत होणाऱ्या काढणीला आहे.

अफ्लाटॉक्सिन या सगळ्यांत घातकी, आणि ते भुईमूग-मक्यात जास्त येतं. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी मेले. शोध घेत घेत प्रकरण ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोचलं. अस्परजिलस फ्लेवस बुरशीच्या नावातूनच विषाचं नाव तयार झालं. 1974 मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. अफ्लाटॉक्सिनला चव नाही, वास नाही. शेंगदाणा खवट लागला म्हणजे त्यातलं तेल जुनं झालं, खवटपणा म्हणजे अफ्लाटॉक्सिन नव्हे. आणि दाणा खवट नाही म्हणून तो शुद्ध आहे, असंही नाही. गाईनं अशी पेंड खाल्ली तर विषाचा थोडा भाग रूप बदलून दुधात उतरतो. म्हणून आपल्याकडे दुधात दर किलोला 0.5 मायक्रोग्रॅमच्या वर ते चालत नाही.

खरा फरक स्वयंपाकघरात कळतो. धुरिनची भीती कोवळ्या हिरव्या चाऱ्यात, आणि वाळवल्यानं ती कमी होते. बुरशीचं विष पडून असतं ते वाळल्या दाण्यातच. ऊन दाखवल्यानं बुरशी पुढे वाढत नाही, पण आधी तिनं केलेलं विष दाण्यात तसंच राहतं. अफ्लाटॉक्सिन मोडायला अडीचशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. भाकरी तव्यावर कितीही फुगली तरी तिच्या पोटात वाफेइतकीच उष्णता असते. म्हणून इथं सगळं काम आधीच करावं लागतं. शेंगा हातात घेऊन वाजवल्यावर दाणा खुळखुळेपर्यंत वाळवायच्या, पोतं ओल्या भिंतीला टेकवायचं नाही, काळा-सुरकुतलेला दाणा सुपात वेगळा काढायचा. अरगटाला तर आणखी सोपी युक्ती आहे. 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ विरघळवून त्यात बाजरीचं बियाणं ओतलं की हलक्या गाठी वर तरंगतात. त्या काढून टाकायच्या आणि खाली बसलेलं बी दोन-तीन पाण्यांनी धुऊन सावलीत वाळवायचं.

वेगही वेगळा. किराळ तासाभरात निकाल लावते, आणि त्यातून वाचलेली गाय सहसा पूर्ववत होते. अफ्लाटॉक्सिन थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात जाऊन यकृत पोखरतं, आणि त्याचा कर्करोगाशी संबंध पक्का आहे.

इतकी स्वच्छ रेघ ओढून झाल्यावर समुद्रशोकाच्या वेलीपाशी ती पुसट होते. या वेलीच्या बियांत अरगटासारखीच द्रव्यं आहेत. अरगटातल्या द्रव्यापासून 1938 मध्ये एलएसडी हे भास घडवणारं रसायन बनवणाऱ्या आल्बर्ट हॉफमन यांनी 1960 मध्ये मेक्सिकोतल्या समुद्रशोकाच्याच कुळातल्या वेलीच्या बियांत ती सापडल्याचं सांगितलं, तेव्हा सहकाऱ्यांना ते पटेना. बुरशीची द्रव्यं फुलझाडात कशी येतील? प्रयोगशाळेतच काही सांडलं-मिसळलं असणार, असा संशय घेतला गेला. हॉफमन बरोबर होते, द्रव्यं खरोखर बियांत होती. पुढे याच कुळातल्या एका वेलीवर बुरशीनाशक वापरून पाहिलं, तर पानांवर राहणारी एक बारीक बुरशी नाहीशी झाली आणि तिच्याबरोबर ती द्रव्यंही. 2011 मध्ये त्या बुरशीचं बारसं झालं : पेरिग्लँड्युला. ती बियांतून पुढच्या पिढीत जाते, वेलीला रोगी करत नाही, आणि वेल तिला पोसते.