एनपीटीईएलचा कोर्स फुकट आहे, मग प्रमाणपत्र कुठे अडतं?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या इंजिनीअरिंग आणि डिप्लोमाच्या मुलांना चांगलं ऑनलाइन साहित्य शोधायला फार लांब जावं लागत नाही. २००३ साली सात आयआयटी आणि बेंगळुरूची आयआयएससी यांनी मिळून एनपीटीईएल हा ऑनलाइन कोर्सचा उपक्रम सुरू केला. २०१७ साली केंद्र सरकारचं 'स्वयम' हे ऑनलाइन शिक्षणाचं पोर्टल आलं आणि हे कोर्स त्यावरून चालू लागले. नाव नोंदवायला वयाची किंवा मार्कांची अट नाही, पैसेही पडत नाहीत. निवडक कोर्सच्या व्याख्यानांचा मजकूर मराठीत आणि कन्नडमध्येही उतरवून ठेवलेला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांनी तो जरूर शोधावा. परीक्षा मात्र इंजिनीअरिंगच्या विषयांत बहुधा इंग्रजीतच असते.

शिकताना कुणी फारसं अडत नाही. अडतं ते प्रमाणपत्र आणि क्रेडिट (पदवीत धरले जाणारे श्रेयांक), आणि बहुतेक वेळा कारण कागदांत किंवा तारखांत असतं.

पहिली चूक साधी आहे. व्याख्यानं यूट्यूबवरही असतात आणि कित्येक मुलं बारा आठवडे तिथेच बघत राहतात. अभ्यास होतो, पण त्याची नोंद कुठेच होत नाही. प्रमाणपत्र हवं असेल तर 'स्वयम'वर खातं उघडून चालू सत्रातल्या कोर्सला नाव नोंदवावं लागतं. त्यानंतर परीक्षेचा अर्ज आणि फी हे दुसरं, पूर्ण वेगळं पाऊल आहे. कोर्सला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेला बसलो असं होत नाही. दोन्हींच्या शेवटच्या तारखाही वेगळ्या असतात. कोर्स नोंदणीची मुदत वर्ग सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत संपते, परीक्षा अर्जाची त्यानंतर. एक तारीख वाचून दुसरी तीच असेल असं धरणारी मुलं दर सत्राला सापडतात, आणि त्यांच्यासाठी कुणीही खिडकी पुन्हा उघडत नाही. कोर्सच्या पहिल्याच पानावर दोन्ही तारखा दिलेल्या असतात. त्या वहीत लिहून ठेवा.

खातं उघडताना ईमेल स्वतःचाच वापरा. सायबर कॅफेवाल्याचा किंवा मित्राचा ईमेल चालवून घेतला तर पुढे हॉल तिकीट, निकाल, दुरुस्तीची सूचना, सगळं त्याच्याकडे जातं. ज्या ईमेलवर कोर्स घेतला त्याच ईमेलवरून परीक्षेचा अर्ज भरायचा असतो. दोन ईमेल झाले तर असाइनमेंटचे मार्क एकीकडे आणि परीक्षेचा अर्ज दुसरीकडे राहतो.

आता सर्वांत चिकट मुद्दा, नावाचा. सीमाभागात हा त्रास इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे, कारण इथली मुलं दोन राज्यांच्या कागदांवर वाढतात. दहावी कोल्हापूर बाजूला झाली असेल तर महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग नाव, मग वडिलांचं नाव. कर्नाटकच्या एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, कार्डावर बऱ्याचदा स्वतःचं नाव आणि पुढे एखादं आद्याक्षर एवढंच असतं, वडिलांचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर तिसराच क्रम. त्यात इंग्रजी स्पेलिंगचे घोळ: चौगुले हे एकच आडनाव तीन प्रकारे लिहिलेलं आढळतं. प्रमाणपत्रावर नाव अर्जात भरलंय तसंच छापलं जातं आणि दुरुस्तीची मुदत संपली की बदलत नाही.

यावर व्यवहारी तोडगा असा. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर जे नाव, जे स्पेलिंग आहे तेच अर्जात भरा, कारण क्रेडिट देताना कॉलेज त्याच्याशी ताडून बघतं. आधार त्याच्याशी जुळत नसेल तर आधार दुरुस्त करून घ्या, पण घाईत नको. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. आधी वडीलधाऱ्यांबरोबर बसून कुठलं स्पेलिंग कायमचं ठेवायचं ते ठरवा, मगच केंद्रात जा. यूएसएन, म्हणजे विद्यापीठाने दिलेला विद्यार्थी क्रमांक, भरताना शून्य आणि इंग्रजी 'ओ' यांची गल्लत होते, तिथेही एकेक अक्षर तपासा.

दुसरा, बहुतेकांकडे नसलेला कागद म्हणजे एबीसी आयडी. शैक्षणिक क्रेडिट बँकेचा हा बारा अंकी क्रमांक डिजिलॉकरमधून निघतो आणि मिळवलेली क्रेडिट त्यात जमा होतात. काढायला पाच मिनिटं लागतात, पण आधारला जोडलेला मोबाइल हातात असेल तरच. गावाकडे तो नंबर वडिलांचा, मोठ्या भावाचा, नाहीतर कधीच बंद पडलेला असतो, आणि ओटीपी येत नाही. आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे दिले की नंबर बदलून मिळतो, कागदपत्र काही लागत नाही. तिथल्या रांगेत दिवस जातो आणि बदल नोंदायला पुढे आणखी काही दिवस. हे काम परीक्षा अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात होत नाही. सत्र सुरू होण्याआधीच्या सुट्टीत उरकून घ्या.

फी गेली कित्येक वर्षं एका पेपरला १००० रुपये आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना ५००. इथे एक गैरसमज दर वेळी होतो. कर्नाटकातल्या दोन-ए, तीन-बी या मागासवर्गीय प्रवर्गांचा किंवा उत्पन्नाचा दाखला यावर ही सवलत मिळत नाही, त्यामुळे तो दाखला काढायला नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात) हेलपाटे घालू नका. सवलत लागू असेल तर जातीचा दाखला स्पष्ट स्कॅन करून जोडा, आणि नाडकचेरीतून तो इंग्रजीत मिळत असेल तर इंग्रजीतच घ्या, कारण तपासणारा माणूस कन्नड वाचणारा असेलच असं नाही. एखाद्या गरीब घरातल्या मुलासाठी ५०० रुपये ही छोटी रक्कम नाही, धूसर फोटोमुळे ती जाऊ देऊ नका.

पैसे भरताना खात्यातून कापले गेले आणि अर्ज 'अपूर्ण' दाखवतो, असं होतं. लगेच दुसऱ्यांदा भरू नका, स्थिती बदलते का ते एक-दोन दिवस पाहा. त्यासाठीच शेवटच्या दिवसावर जाऊ नका.

मार्कांचा हिशोब मुलं चुकीचा धरतात, म्हणून सविस्तर. असाइनमेंटला २५ मार्क, परीक्षेला ७५. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वांत चांगल्या ८ असाइनमेंट धरतात, आठ आठवड्यांच्या कोर्समध्ये ६, चार आठवड्यांच्या कोर्समध्ये ३. उत्तीर्ण व्हायला असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३०, दोन्ही वेगवेगळे मिळवावे लागतात. परीक्षेत ६० पडले पण असाइनमेंटमध्ये ९ असतील तर एकूण ६९ होऊनही प्रमाणपत्र नाही. असाइनमेंटची मुदत बहुधा बुधवारी रात्री ११:५९ ला संपते. मुदतीच्या आत कितीही वेळा पाठवता येते आणि शेवटची धरली जाते, तेव्हा रविवारीच एकदा पाठवून ठेवा. बुधवारी रात्री वीज किंवा नेट गेलं तरी मग हातचं जात नाही.

परीक्षेचं शहर राहत्या राज्यातलंच घ्यावं लागतं असा नियम नाही. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडतं. त्या सत्राच्या यादीत असेल तर ते निवडायला हरकत नाही. शहर शोधताना 'बेळगावी' आणि जुनं 'बेलगाम' अशी दोन्ही स्पेलिंगं टाकून पाहा. सकाळचं सत्र ९ ला असतं आणि तासभर आधी पोचावं लागतं. पहिली बस कितीची आहे ते पाहूनच सकाळ की दुपार ते ठरवा. छापील हॉल तिकीट आणि मूळ ओळखपत्र बरोबर हवं, झेरॉक्स चालत नाही.

सरावासाठी व्हर्च्युअल लॅब्ज, पुस्तकांसाठी आयआयटी खरगपूरची नॅशनल डिजिटल लायब्ररी, आणि सी, जावा, पायथन किंवा लिनक्स मराठीतून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल. तिन्ही फुकट आहेत आणि खरोखर चांगली आहेत. पण यांच्या जोरावर विद्यापीठात क्रेडिट मागू नका, तो मार्ग एनपीटीईएलचाच.

राहिलं क्रेडिट. चार आठवड्यांच्या कोर्सला १, आठला २, बाराला ३ असा ढोबळ हिशोब आहे. पण प्रमाणपत्र मिळालं म्हणजे क्रेडिट मिळालंच असं नाही. बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाशी जोडलेल्या कॉलेजात असाल तर कोर्स घेण्याआधी विभागप्रमुखांना विचारा: हा कोर्स मान्य यादीत आहे का, आणि तुम्ही आधीच शिकलेल्या विषयाशी त्याचा मजकूर जुळत तर नाही ना. होकार तोंडी नको, लेखी किंवा ईमेलवर घ्या. कोर्सचा कोड दर सत्राला बदलतो, म्हणून मागच्या वर्षीच्या सीनियरचा कोड उतरवू नका. कॉलेजात लोकल चॅप्टर, म्हणजे एनपीटीईएलशी जोडलेलं केंद्र, असेल तर नोंदणी करताना यादीतून आपल्याच कॉलेजचं नाव निवडा, सारखी नावं बरीच असतात. अडलं तर तिथले समन्वयक, म्हणजे स्पॉक, यांच्याकडे आधी जा.

शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी एक कळकळीची गोष्ट. जानेवारीत सुरू होणाऱ्या सत्राची परीक्षा एप्रिलच्या सुमारास होते आणि निकाल यायला आणखी काही आठवडे जातात. तोवर कॉलेजची क्रेडिट पाठवायची मुदत संपलेली असू शकते. लागणारी सगळी क्रेडिट सातव्या सेमिस्टरपर्यंतच, जुलैच्या सत्रात पुरी करा. ई-प्रमाणपत्र आलं की त्याच आठवड्यात विभागात जमा करून पोच घ्या, आणि एबीसीच्या खात्यात क्रेडिट दिसतात का ते स्वतः उघडून पाहा.