बटण दाबले, पण पान हलले नाही

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका लहान कारखान्यात विंडोज एक्सपीवर चालणारा संगणक मी पाहिला. त्याला जोडलेल्या कटिंग मशीनचा ड्रायव्हर, म्हणजे मशीन आणि संगणक यांचा संवाद घडवणारे सॉफ्टवेअर, नव्या विंडोजवर चालत नाही आणि नवे मशीन मालकांना परवडणारे नाही, त्यामुळे कच्च्या मालाची ऑर्डरही क्रोमच्या ४९व्या, म्हणजे २०१६ मधल्या आवृत्तीतूनच जाते. एक्सपीसाठी आलेली ती शेवटची आवृत्ती. मालकांनी पुरवठादाराच्या संकेतस्थळावर फॉर्म भरला, ‘ऑर्डर पाठवा’ हे बटण दोनदा दाबले, पण पान जागचे हलले नाही आणि कुठे काय चुकले तेही कळेना. अखेर ऑर्डर फोनवर द्यावी लागली. अशा ग्राहकाला ‘ब्राउझर बदला’ एवढेच सांगणे मला अन्यायाचे वाटते.

बटण मुके का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. सीएसएस, म्हणजे पानाचे रूप ठरवणारी भाषा, सहनशील आहे: न कळलेली ओळ ब्राउझरने सोडून द्यावी, हा तिचा नियमच आहे. २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांत आलेली ‘ग्रिड’ मांडणी क्रोम ४९ला ठाऊक नाही, तरी शेजारचे रकाने एकाखाली एक येतात आणि मजकूर वाचता येतो. जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे बटणासारख्या गोष्टींमागचा कोड लिहिण्याच्या भाषेत, अशी सवलत नाही. त्या भाषेत २०२० मध्ये प्रश्नचिन्ह आणि त्याला लागून टिंब अशी एक सोयीची खूण आली. ती फाइलमध्ये एकदाच आली तरी जुन्या ब्राउझरला ती व्याकरणाची चूक वाटते आणि तो ती संपूर्ण फाइलच चालवत नाही, मग बटणाचा कोड त्याच फाइलमध्ये कितीही साधा लिहिलेला असो.

यावर ‘बाबेल’सारखे साधन नवा कोड जुन्या व्याकरणात उतरवून देते. त्याने फाइल फुगते हे खरे, पण जुन्या ब्राउझरसाठी वेगळी फाइल ठेवता येते, म्हणजे नव्या फोनवर तो भार पडत नाही. मला त्याहून मोलाची वाटते ती पायाची शिस्त. एचटीएमएलमधील, म्हणजे पानाचा सांगाडा रचणाऱ्या भाषेतील, साधा फॉर्म जावास्क्रिप्टशिवायही माहिती सर्व्हरकडे पाठवू शकतो; आधी तो चालता करावा आणि बाकीच्या सोयी त्यावर चढवाव्यात. वेब-विकासक स्टीव्हन चॅम्पियन यांनी २००३ मध्ये मांडलेला ‘प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट’ हा विचार नेमका हाच. अशा पानावर त्या कारखान्याची ऑर्डर गेली असती, दिसायला पान थोडे ओबडधोबड असते इतकेच.

जुन्या ब्राउझरांना असे सांभाळून घेण्याला मर्यादा आहे ती सुरक्षिततेची. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये थांबवला, त्यामुळे नंतर सापडलेल्या बहुतेक त्रुटी तिथे उघड्याच आहेत. म्हणून बँकेच्या संकेतस्थळाने असा ब्राउझर नाकारणे योग्यच आहे. मात्र नकाराचे कारण सांगणारा संदेश तरी त्या जुन्या ब्राउझरमध्ये उमटेल, एवढी काळजी डिझायनरने घ्यायला हवी.