फॉन्टमध्ये अडकलेली मराठी

एआयच्या बातम्या आता रोजच्याच झाल्यात आणि मराठी माणसांत त्यावर एक तक्रार ठरलेली असते: याला मराठी धड येत नाही. वाक्यं हिंदीच्या वळणाची, क्रियापदं कुठेतरीच, आणि गिरणगावात किंवा कोकणात बोलतात तशा भाषेचा तर पत्ताच नाही. तक्रार खरी आहे. पण सगळं खापर परदेशी कंपन्यांवर फोडून भागणार नाही. ही यंत्रं जे वाचायला मिळतं त्यावरच शिकतात, आणि मराठीत लिहिलेल्यातलं पुष्कळसं त्यांना वाचताच येत नाही. मी शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकांबद्दल बोलत नाहीये. १९९० नंतर संगणकावर, कळफलक बडवून टाइप केलेल्या मराठीबद्दल बोलतेय. तो मजकूर फाइलींमध्ये आहे, तरीही नसल्यासारखा आहे. असं का झालं याचं मूळ मुंबईच्या छापखान्यांपर्यंत जातं.

६ जानेवारी १८३२ ला मुंबईत ‘दर्पण’ सुरू झालं. त्या काळापासून छापणाऱ्यांपुढे एकच पेच होता: रोमन लिपीला मूठभर खिळे (अक्षरांचे शिशाचे ठसे) पुरतात, देवनागरीला शेकडो लागतात. प्रत्येक व्यंजनाला काना, मात्रा, उकार, शिवाय जोडाक्षरं. म्हणून अक्षर तोडायचं आणि तुकड्यांचे खिळे पाडायचे, हा मार्ग निघाला. अमेरिकन मिशन प्रेसमध्ये थॉमस ग्रॅहम यांनी या कामात मोठी मजल मारली. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या जावजी दादाजी चौधरींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि त्याचे खिळे देशभर नावाजले गेले. त्या छापाची पानं आजही बघावीत, इतकी ती देखणी आहेत. पण इथे मुद्दा वेगळा आहे. खिळा जुळवणाऱ्याला ‘क’ हे अक्षर म्हणून नको होतं, त्याला आकार हवा होता. अर्धा ग आणि काना शेजारी ठेवले की ग दिसतो, एवढं त्याला पुरायचं. कागदासाठी तेच बरोबर होतं.

टाइपरायटरने हीच रीत पुढे नेली, तीही आणखी आवळून. चाळीस-पंचेचाळीस कळा, शिफ्ट धरून त्याच्या दुप्पट आकार, त्यात अख्खी बाराखडी बसवायची. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचं टाइपरायटर बाजारात आणलं. पुढे १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम आला आणि सरकारी टेबलांवर मराठी टंकलेखन वाढलं. फोर्टात कोर्टाबाहेर यंत्र मांडून बसणारे टंकलेखक ज्यांनी पाहिलेत त्यांना त्यांच्या बोटांची सवय आठवत असेल: ‘कि’ उमटवायचा तर आधी ऱ्हस्व वेलांटी, मग क. कागदावर ती डावीकडे दिसते, म्हणून आधी मारायची. ‘मार्ग’ लिहायचा तर म, काना, ग आणि शेवटी वर रफार. उच्चारात र आधी येतो, यंत्रावर तो शेवटी यायचा. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे सगळा गोंधळ यातूनच झालाय.

संगणक आले तेव्हा दोन वाटा फुटल्या. पहिली शहाणी होती. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं काम पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेकडे आलं. १९८८ साली स्थापन झालेल्या या संस्थेने ते ‘जिस्ट’ नावाचं तंत्र वाढवलं. त्यात संगणकाने आकार साठवायचे नाहीत, अक्षरं साठवायची. क म्हणजे क, मग तो कुठल्याही वळणात दिसो. ‘कि’ साठवताना क आधी, वेलांटी नंतर, जशी आपण उच्चारतो तशी. पडद्यावर वेलांटी डावीकडे नेऊन बसवणं हे यंत्राचं काम. याच विचारातून भारतीय लिप्यांची अक्षरं संगणकात कशी साठवायची याचं इस्की हे प्रमाण ठरलं आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ते जाहीर केलं. इनस्क्रिप्ट कळफलकही याच घराण्यातला: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. त्याच १९९१ मध्ये युनिकोडची, म्हणजे जगभरच्या लिप्यांसाठीच्या सामायिक प्रमाणाची, पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातला देवनागरीचा तक्ता इस्कीच्याच १९८८ च्या मसुद्यावर बेतला होता. म्हणजे आज फोनवर आपण लिहितो ती मराठी ज्या पायावर उभी आहे तो पाया इथे घातला गेलाय. हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

दुसरी वाट सोपी होती, आणि धंदा त्या वाटेने गेला. छपाईची पानं लावायची पेजमेकरसारखी सॉफ्टवेअरं फक्त रोमन जाणायची. मग कुणीतरी युक्ती काढली: रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे चिकटवलेला फॉन्ट बनवायचा. सॉफ्टवेअरला वाटतं इंग्रजी चाललंय, डोळ्यांना मराठी दिसतं. कृतिदेव हा फॉन्ट उदाहरणादाखल घ्या. त्यात ‘मराठी’ टाइप करताना दाबल्या जाणाऱ्या कळा आहेत ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच. फाइलमध्ये जातात तीच पाच इंग्रजी अक्षरं. फॉन्ट बसवलेला असला की ‘मराठी’ दिसतं, काढला की ई-जे-के-बी-एच. ‘मराठी’ हा शब्द त्या फाइलमध्ये कुठेच नसतो. शिवाय क्रम टाइपरायटरचा, वेलांटी आधी आणि रफार शेवटी. ग्रॅहमच्या काळातली अक्षर तोडण्याची रीत अशी थेट संगणकात शिरली. फरक इतकाच की छापून झाल्यावर खिळे परत खणात सोडले जायचे, इथे मात्र तुकडे हाच कायमचा दस्तऐवज ठरला.

त्यात प्रत्येक फॉन्ट बनवणाऱ्याने तुकडे आपापल्या मर्जीने मांडले. श्रीलिपीची मांडणी वेगळी, आकृतीची वेगळी, सी-डॅकच्याच डीव्ही-टीटी सुरेख, योगेश या फॉन्टांची आणखी वेगळी. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात टाकला की मराठीसारखं दिसणारं पण अर्थ नसलेलं काहीतरी उमटायचं.

तरी या वाटेला मी नावं ठेवणार नाही. गिरगाव, दादर, फोर्ट इथल्या गल्ल्यांतल्या डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पानं लावून देणाऱ्या, छोट्या गाळ्यांनी मराठी छपाई स्वस्त केली. १९०९ पासून चालत आलेली दिवाळी अंकांची परंपरा शिसं गेल्यावरही टिकली ती या ऑपरेटरांच्या जिवावर. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, पतपेढ्यांच्या ताळेबंदाची पत्रकं, कवितासंग्रह, सगळं त्यांनी लावलं. प्रूफ काढायचं, दुरुस्त्या घालायच्या, बटर पेपरवर प्रिंट मारून प्लेटला पाठवायचं. रात्री दहाला आलेला जॉब सकाळी मशीनवर. त्यांना कागद हवा होता आणि कागद त्यांनी उत्तम दिला. फाइलचं पुढे काय होणार, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

ते काय झालं ते मी जवळून पाहिलंय. आमच्या भागातल्या एका वाचनालयाच्या जुन्या स्मरणिकेची सीडी घेऊन मी गिरगावातल्या एका डीटीपीवाल्या काकांकडे गेले होते. आठवणी, मुलाखती, चाळींचा इतिहास असा भरगच्च मजकूर होता. फाइल उघडली आणि पडद्यावर कंस, टक्केचिन्हं, उलटसुलट रोमन अक्षरं यांची रांग लागली. काकांनी चष्मा वर केला. “ताई, फॉन्ट आणलाय का? फॉन्टशिवाय काय नाय दिसणार. आणि हा आमच्याकडचा नाय, ज्याने लावलंय त्याच्याकडे मिळेल.” ज्याने लावलं होतं त्याचा गाळा बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. छापील प्रत शिल्लक होती, म्हणून मजकूर पुन्हा टाइप करता आला. ज्यांची छापील प्रतही उरली नाही त्यांचं काय?

इंटरनेटच्या बाबतीतही तेच. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, मुंबई पहिल्या शहरांपैकी. पुढच्या काही वर्षांत मराठी वृत्तपत्रं संकेतस्थळांवर आली, पण याच फॉन्टच्या युक्तीने. आधी फॉन्ट उतरवून घ्या, मग वाचा. काही ठिकाणी तो आपोआप उतरायचा, पण इंटरनेट एक्सप्लोरर असेल तरच. आणि शोध? शून्य. सर्च इंजिनाला ती पानं अर्थहीन रोमनचे ढीग वाटायची. किती बातम्या, अग्रलेख, रविवार पुरवण्यांतले लेख असे शोधाच्या बाहेर राहिले असतील, या विचाराने अस्वस्थ व्हायला होतं.

दार उघडलं ते विंडोज २००० ने. युनिकोडमधली देवनागरी त्यात नीट जुळून दिसू लागली, आणि सोबत ‘मंगल’ हा फॉन्ट आला. तो घडवला र. कृ. जोशी यांनी. पवईच्या आयआयटीत त्यांनी अनेक वर्षं अक्षररचना शिकवली, पुढे जुहूच्या एनसीएसटी या सरकारी सॉफ्टवेअर संस्थेत काम केलं. सुलेखनकार, कवी आणि अक्षरांचा अभ्यासक असा हा माणूस. कार्यालयांतल्या लाखो पडद्यांवर दिसणारं देवनागरी वळण त्यांच्या हातचं होतं, आणि तरीही मुंबईत त्यांचं नाव रस्त्यावरच्या माणसाला ठाऊक नाही. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला तो युनिकोडमध्येच.

पण तोवर दुसरी सवय जडली होती. मोबाइल हातात आले आणि निरोप एसएमएसने जाऊ लागले. एका एसएमएसमध्ये रोमन लिपीत १६० अक्षरं मावायची, युनिकोड देवनागरीत फक्त ७०. त्यातही काना-मात्रा-वेलांटी प्रत्येकी वेगळी मोजली जाते. शिवाय समोरच्याच्या फोनमध्ये देवनागरी नसली तर नुसते चौकोन. मग कोण देवनागरीत लिहील? एका अख्ख्या पिढीची बोटं रोमन मराठीला सरावली ती हौसेने नव्हे, तर पैसे आणि चौकोन वाचवायला. या पिढीला भाषेची चाड नाही म्हणून झोडपणाऱ्यांनी हा हिशेब एकदा तरी करून पाहावा.

स्मार्टफोनने चित्र पालटलं. २०१३ मध्ये पवईच्याच आयआयटीतल्या औद्योगिक अभिरचना केंद्राने स्वरचक्र हा फुकट कळफलक आणला. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती त्याची बाराखडी चक्रासारखी उमलते, बोट सरकवलं की अक्षर तयार. शाळेत पाटीवर बाराखडी गिरवलेल्या माणसाला शिकायला काहीच नाही. मी ज्या ज्येष्ठांना तो लावून दिला ते त्याच बैठकीत लिहू लागले. पुढे रोमनमध्ये टाइप केलं की देवनागरी देणारे कळफलक सर्रास झाले, बोलून लिहिण्याचीही सोय आली. मुंबईच्याच एक टाइप या संस्थेने मुक्ता, बलू, मोदक असे देखणे युनिकोड फॉन्ट मोफत दिले. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा आणला.

छपाई मात्र मागे राहिली, आणि त्याचं कारण आळस नव्हे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. तिला भारतीय लिप्यांचं युनिकोड कधीच जमलं नाही. तिच्या जागी आलेल्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २०१२ च्या सीएस६ आवृत्तीत आली. तोवर गाळ्यांत जुने संगणक, जुनी सॉफ्टवेअरं आणि जुन्या क्रमाला सरावलेली बोटं होती. नवं सॉफ्टवेअर विकत घेऊन लग्नपत्रिकेचा दर तोच ठेवायचा, हे गणित छोट्या गाळ्याला परवडत नाही. म्हणून लेखक फोनवर युनिकोडमध्ये लिहितो, गाळ्यात त्याचं रूपांतर जुन्या फॉन्टमध्ये होतं, अंक छापला जातो आणि अंतिम, तपासलेला मजकूर पुन्हा तुकड्यांत जाऊन पडतो. आजही कितीतरी पीडीएफमधून एक ओळ कॉपी करून पाहा, चिन्हांचा ढीग मिळतो.

युनिकोडमध्येही सगळं आलबेल नव्हतं. ‘ॲ’ला स्वतःची जागा मिळाली २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी अ वर चंद्र जोडून काम भागवलं जायचं. दिसायला दोन्ही सारखेच, पण यंत्राला वेगळे, त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला ‘ॲप’ दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडेलच याची खात्री नाही. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरकही जुन्या मजकुरात हरवतो.

अडकलेली मराठी सोडवता येते. फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारी रूपांतरकं आहेत, पण प्रत्येक फॉन्टला त्याचा स्वतःचा नकाशा लागतो. रूपांतरानंतर कुठे चूक राहते तेही ठरलेलं आहे: ऱ्हस्व वेलांटी, रफार, ‘ऱ्या’ आणि जोडाक्षरं. तिथे माणसाची नजर लागतेच. आणि कुठला तुकडा कुठल्या कळेवर होता हे बोटांनी ओळखणारे ऑपरेटर आता उतारवयाकडे चाललेत. वाचनालयं, मंडळं, छोटे प्रकाशक, ज्यांच्याकडे अशा सीड्या आणि हार्ड डिस्क पडून आहेत त्यांनी आत्ता, हे लोक कामावर आहेत तोवर, फाइली त्यांच्यापुढे ठेवाव्यात. मजकुराच्या शेजारी त्याच फोल्डरमध्ये फॉन्टची फाइलही ठेवावी आणि फॉन्टचं नाव फाइलच्या नावातच लिहावं. रूपांतर झालं तरी मूळ फाइल पुसू नये.